गाडी घेऊन फोर्ट-कुलाबा बघायला येताय? आधी गाडी कुठे लावणार ते ठरवा

दक्षिण मुंबईपर्यंत गाडीने येता येतं, पण दक्षिण मुंबई गाडीतून बघता येत नाही. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मा त्रास वाचतो. पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची मंडळी घरून निघताना बेत करतात, आधी गेटवे, मग म्युझियम, मग सीएसएमटी, संध्याकाळी मरीन ड्राइव्ह, आणि प्रत्येक ठिकाणी गाडी घेऊनच जायचं. नकाशावर ही सगळी ठिकाणं दोन-तीन किलोमीटरच्या आत दिसतात, त्यामुळे बेत सोपा वाटतो. प्रत्यक्षात दर वेळी जागा शोधत त्याच वन-वेतून तीनदा फिरायचं, मागच्या सीटवरून 'अजून किती वेळ' ऐकायचं, आणि शेवटी नो पार्किंगच्या पाटीखाली 'दोनच मिनिटं' म्हणून गाडी टाकायची, असं होतं.

म्हणून हा लेख गाडीसकट येणाऱ्यांसाठी, पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी. सूत्र एकच: गाडी सकाळी एकदा लावायची आणि परत निघेपर्यंत तिला हात लावायचा नाही.

आधी जरा इतिहास, कारण पार्किंग त्यावरच ठरतं

फोर्ट हा भाग खरोखरच तटबंदीच्या आतला गाव होता. भोवती तट, तटाबाहेर खंदक, आत यायला तीन दरवाजे: दक्षिणेला अपोलो गेट, पश्चिमेला सेंट थॉमस चर्चच्या दिशेचं चर्च गेट आणि उत्तरेला बझार गेट. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या काळात हा तट पाडला. तटाच्या आतली वस्ती घोडागाडीच्या आणि हातगाडीच्या मापाची होती, ती तशीच राहिली. तट गेला तिथे आणि तटाबाहेरच्या मोकळ्या जागेत मोठे रस्ते, मैदानं आणि सरकारी इमारती उभ्या राहिल्या. पुढे बंदरातला गाळ आणि माती भरून नवी जमीन तयार झाली, ती तर कागदावर पट्टीने रेघा मारून आखलेली.

आज गाडी कुठे लागते हे बरंचसं यावरच ठरतं. जुन्या तटाच्या आत, म्हणजे बझार गेट, मोदी स्ट्रीट, बोरा बाजार या पट्ट्यात गाडी घालू नका. टेम्पो एका बाजूला उभा, समोरून हातगाडी, आणि मागे हॉर्न. उलट भराव घातलेल्या जमिनीवर, म्हणजे बॅलार्ड इस्टेट आणि नरिमन पॉइंटला, रस्ते रुंद आहेत आणि तिथे फक्त कचेऱ्या आहेत. कचेऱ्या बंद असल्या की रस्ते मोकळे. हे एवढं डोक्यात ठेवलंत तर कुठलंही ॲप नसताना गाडी लावायला जागा सापडेल.

पायरी पहिली: वार निवडा

रविवार. बाकीचं सगळं नंतर.

सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत फोर्टात बाहेरच्या माणसाने गाडी आणण्यात अर्थ नाही. वकील, बँकवाले, शेअर बाजारवाले, मंत्रालयात कामाला आलेले, सगळ्यांच्या गाड्या आधीच लागलेल्या असतात. शनिवारी दुपारनंतर जरा बरं. रविवारी सकाळी आठच्या आत पोचलात तर हव्या त्या रस्त्यावर, हव्या त्या झाडाखाली गाडी लावाल.

रविवारची एक अडचण आहे. फोर्टातल्या बऱ्याच जुन्या खाणावळी आणि इराणी हॉटेलं कचेरीवाल्यांवर चालतात, त्यामुळे ती रविवारी बंद असतात. अमुक ठिकाणीच जेवायचं असं मनात असेल तर आधी फोन करून विचारा. नाहीतर कुलाब्यात सातही दिवस खायला मिळतं.

घारापुरी करायची असेल तर सोमवार टाळा, सोमवारी लेणी बंद असतात. जानेवारीतल्या मॅरेथॉनच्या रविवारी सीएसएमटीपासून मरीन ड्राइव्हपर्यंत रस्ते बंद असतात. ४ डिसेंबरच्या नौदल दिनाच्या आसपास गेटवेला बंदोबस्त असतो, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी तर गेटवे आणि मरीन ड्राइव्हकडे गाडी वळवूच नका. वानखेडेवर सामना असला की चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या गल्ल्यांत पार्किंग बंद करतात. आझाद मैदानावर मोठा मोर्चा असला की सीएसएमटीचा चौक तुंबतो. आदल्या रात्री मुंबई वाहतूक पोलिसांच्या समाजमाध्यमांवरच्या सूचना एकदा वाचून घ्या, त्यात रस्ते बंदची माहिती नीट दिलेली असते.

पायरी दुसरी: कुठल्या बाजूने शिरायचं

पुण्याकडून, किंवा नाशिककडून ठाण्यामार्गे येत असाल तर ईस्टर्न फ्रीवे. चेंबूरच्या बाजूने वर चढलात की शिवडी, माझगावच्या डोक्यावरून, डाव्या हाताला बंदराच्या गोद्या आणि क्रेन बघत थेट पी. डिमेलो रोडला उतरता. सायन, दादर, परळचे सिग्नल लागत नाहीत. उतरताना वेग कमी करा. खाली ऑरेंज गेटजवळ मरीन ड्राइव्हकडे जाणाऱ्या बोगद्याचं काम असल्याने लेन अचानक बदलतात.

अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. २१.८ किलोमीटरचा, शिवडीला उतरवतो. उरण, पनवेल, अलिबागकडच्यांना आणि एक्सप्रेसवेने येणाऱ्यांना तो सरळ पडतो. सुरू झाला तेव्हा मोटारीला एकेरी २५० रुपये टोल ठरला, त्यामुळे वेळ वाचवायचा की पैसे ते तुमचं तुम्ही बघा. शिवडीहून फ्रीवेला लागता येतं. पुलावर गाडी थांबवून फोटो काढू नका. लोक काढतात आणि मग चलान घरी येतं.

वसई, पालघर, गुजरातकडून येणाऱ्यांसाठी सी-लिंक आणि तिथून कोस्टल रोड. बोगद्यातून बाहेर आलात की समोर मरीन ड्राइव्ह. सरळ रस्त्यावर ताशी ८० आणि बोगद्यात ६० ची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत, आणि ते चालू असतात.

वाशी, ऐरोली, मुलुंड, दहिसर या मुंबईच्या वेशीवरच्या नाक्यांवर ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना टोल नाही. सी-लिंक आणि अटल सेतूला मात्र आहे. मागे बसणाऱ्यांनीही सीटबेल्ट लावायचा हा मुंबई पोलिसांचा नियम नोव्हेंबर २०२२ पासूनचा. गावाकडून येणारे नेमके इथे सापडतात.

पायरी तिसरी: गाडी कुठे लावायची

माझी पहिली पसंती बॅलार्ड इस्टेट. गेल्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्टने अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आताचा इंदिरा डॉक, खणला. त्यातून निघालेली माती टाकून ही जमीन तयार केली, आणि जॉर्ज विटेटने तिच्यावरच्या इमारतींचा आराखडा केला. गेटवे आणि म्युझियम याच विटेटचं काम. सगळ्या इमारती एका उंचीच्या, रस्ते सरळ आणि दोन्ही बाजूंना झाडं. बोटीने विलायतेहून आलेले लोक बॅलार्ड पिअरला उतरून इथूनच पंजाबकडची आगगाडी पकडत. रविवारी सकाळी इथे कुत्री, क्रिकेट खेळणारी पोरं आणि एखादं लग्नाआधीचं फोटोशूट, एवढंच असतं. फ्रीवेवरून उतरलात की पाच-सात मिनिटांत इथे पोचता, शहरात खोल शिरावंच लागत नाही.

दुसरी पसंती नरिमन पॉइंट, विशेषतः कोस्टल रोडने येणाऱ्यांना. मंत्रालय आणि एनसीपीए या नाट्यगृहाच्या मधले रस्ते सुट्टीच्या दिवशी रिकामे असतात. मंत्रालयाला लागून मात्र नको, तिथे पोलीस उठवतात.

तिसरी काळा घोडा चौक आणि रीगल सिनेमाच्या आसपासचं पे अँड पार्क. म्युझियम आणि गेटवे दोन्ही जवळ, म्हणून सगळ्यांना हेच हवं असतं आणि म्हणूनच रविवारीही अकराच्या पुढे इथे जागा मिळत नाही. बरोबर आजी-आजोबा असतील, चालणं जमणार नसेल, तर लवकर येऊन इथेच लावा. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला काळा घोडा महोत्सव असतो, तेव्हा हा पर्याय विसरा.

गेटवेच्या पुढ्यात पार्किंग नाही. ताजच्या समोरून समुद्राकडेच्या रस्त्यावर गाडी घालायचा मोह आवरा. बॅरिकेड्स आहेत, बंदोबस्त आहे, आणि वळून परत यायला वीस मिनिटं जातात. कुलाबा कॉजवेवर सकाळी दुकानं उघडायच्या आत जागा दिसते, पण दुपारी परत याल तेव्हा पुढे-मागे असं काही लागलेलं असेल की गाडी काढता येणार नाही. क्रॉफर्ड मार्केट गाडीने करूच नका. सीएसएमटीवरून चालत दहा मिनिटं.

रस्त्यावरची पाटी नीट वाचा. काही ठिकाणी सम तारखेला एका बाजूला आणि विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग असतं, काही ठिकाणी फक्त रविवारी. बसथांबा, अग्निशमनाचा पाइप, बँकेचं गेट आणि पोलीस चौकीचा कोपरा, या चार ठिकाणी बाकीच्यांनी लावली म्हणून आपण लावू नये. बाकीच्यांपैकी निम्मे ड्रायव्हर गाडीतच झोपलेले असतात.

पे अँड पार्कवाल्याशी कसं बोलायचं

या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण नवखे लोक इथेच गोंधळतात.

तुम्ही गाडी हळू केली की एक जण हात करत पुढे येतो. आधी त्याच्या अंगावरचं जाकीट आणि हातातलं पावतीचं पुस्तक किंवा मशिन बघा. जवळपास दराची पाटी असते, ती बघा. दर तासावर असतो आणि भागाप्रमाणे बदलतो. मग तो म्हणतो, 'साहेब, इथेच लावा, फक्त हँडब्रेक नका लावू, न्यूट्रलला ठेवा.' याचा अर्थ तो तुम्हाला दुसऱ्या रांगेत उभं करतोय. आतली गाडी बाहेर काढायची असेल तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार तुमची गाडी हाताने ढकलून पुढे सरकवणार आणि परत जागेवर आणणार. मुंबईत वर्षानुवर्षं असंच चालतं, घाबरण्यासारखं काही नाही. पण तुमची गाडी ऑटोमॅटिक असेल तर स्पष्ट सांगा, 'दादा, ऑटोमॅटिक आहे, ढकलता येणार नाही.' बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्या पार्कमध्ये टाकल्याशिवाय बंद करून लॉक होत नाहीत. मग तो तुम्हाला आतली जागा देईल किंवा नाही म्हणेल. दोन्ही चालेल.

'चावी ठेवून जा' म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा. रस्त्यावरच्या पार्किंगमध्ये चावी द्यायची गरज नसते. मोठ्या हॉटेलातल्या व्हॅलेची गोष्ट वेगळी.

पावती मागून घ्या, तिच्यावर वेळ आणि गाडीचा नंबर आहे का बघा. 'पूर्ण दिवसाचे एवढे द्या, पावती कशाला' असं कोणी म्हणालं तर तो माणूस बहुधा पार्किंगचा नाहीच. रविवारी रिकाम्या रस्त्यावर असे हौशी मदतनीस बरेच भेटतात. त्यांच्याशी वाद घालत बसू नका, पाटी बघा, पाटी नसेल तर पुढे चला. निघताना गाडीचा, मागच्या दुकानाचा आणि रस्त्याच्या नावाच्या पाटीचा एक फोटो काढून ठेवा. बॅलार्ड इस्टेटमधल्या इमारती संध्याकाळी सगळ्या सारख्याच दिसतात.

पायरी चौथी: आता चाला

बॅलार्ड इस्टेटहून गेटवेपर्यंत, वाकड्या वाटेने, साधारण अडीच किलोमीटर. मधे थांबत, बसत, चहा घेत तीन-चार तास सहज जातात.

पहिला थांबा एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या पायऱ्या. हा १८३३ चा टाऊन हॉल. पांढरे खांब, समोर रुंद पायऱ्या आणि त्यांवर बसलेले कॉलेजचे पोरं. तुम्हीही बसा, कोणी उठवत नाही. समोर हॉर्निमन सर्कलची बाग. बागेच्या कडेने गोल इमारतींची रांग आहे, तिच्या कमानींखालून सावलीत फेरी मारता येते. बेंजामिन हॉर्निमन हा 'बॉम्बे क्रॉनिकल'चा इंग्रज संपादक, ब्रिटिश सरकारवर टीका केली म्हणून त्यालाच सरकारने हद्दपार केलं होतं.

सर्कलच्या पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल, १७१८ सालचं. आत भिंतीवर संगमरवरी स्मृतिफलक आहेत. जहाजावर मेलेले, तापाने मेलेले, लढाईत मेलेले इंग्रज. वीस-पंचविशीतली वयं वाचली की बंदराचं शहर त्या काळी किती जीवघेणं होतं ते कळतं. मुंबईतले जुने मैलाचे दगड याच चर्चपासून मोजलेले होते, रोमन आकडे कोरलेले. त्यातले काही अलीकडे फुटपाथखालून काढून पुन्हा उभे केले आहेत. परतीच्या वाटेवर एखादा दिसतो का बघा, मुलांना चांगला उद्योग मिळतो.

सर्कलवरून दक्षिणेला शहीद भगतसिंग मार्गाने गेलात तर डाव्या हाताला नौदलाच्या गोदीची लांबच लांब भिंत आणि लायन गेट लागतं. आत जाता येत नाही आणि गेटचा फोटोही काढू नका. पण भिंतीपलीकडे काय होतं ते माहीत असलेलं बरं. सुरतेहून १७३६ मध्ये आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांनी आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी इथे मलबारच्या सागवानाची जहाजं बांधली, तीही इंग्रजांच्या आरमारासाठी. इथे बांधलेलं १८१७ चं 'त्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभं आहे.

नाहीतर चर्चवरून सरळ पश्चिमेला वीर नरिमन रोडने हुतात्मा चौकात या. फ्लोरा फाउंटन १८६४ चं, आणि शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक. मराठी माणसाने इथे कारंज्यासोबत सेल्फी काढून पुढे जाऊ नये, स्मारकावरची नावं वाचावीत. बहुतेक साधी माणसं, गिरणीकामगार, गिरगाव-लालबागकडचे.

तिथून महात्मा गांधी रोडने काळा घोडा. उजव्या हाताला राजाबाई टॉवर डोकावत राहतो, १८७८ चा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने बांधायला पैसे दिले. डाव्या बाजूला ताडपत्रीत आणि परांचीत अडकलेली जुनी लोखंडी इमारत म्हणजे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ ला भारतातला पहिला चलच्चित्राचा खेळ इथे झाला, आज तिच्याकडे बघून विश्वास बसणार नाही. समोर डेव्हिड ससून ग्रंथालय.

आणि चौकातला तो घोडा. आधी इथे सातव्या एडवर्डचा काळ्या दगडी रंगाचा अश्वारूढ पुतळा होता, १९६५ मध्ये काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला. पुढे अनेक वर्षं नावापुरताच काळा घोडा आणि जागेवर पार्किंग. २०१७ मध्ये त्याच पार्किंगच्या कडेला नवा काळा घोडा बसवला, यावर स्वार नाही. राजा काढून घोडा ठेवला, हे मला मुंबईने केलेल्या शहाणपणाच्या कामांपैकी एक वाटतं.

म्युझियमला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला, निदान दोन तास. १९२२ पासून लोकांना खुलं. दुपारचं ऊन इथे काढा. मग रीगलवरून गेटवे. उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीवर चढली. कमान लांबून छान दिसते. आत गर्दी आणि 'झटपट फोटो'वाले असतात. कबुतरांना दाणे टाकू नका.

पाय दुखले तर परत गाडीपर्यंत काळी-पिवळी घ्या. किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये, तेवढ्यासाठी आपली गाडी काढून जागा घालवू नका. या भागात रिक्षा नाहीत, पुणेकरांनी त्यांची वाट बघू नये.

समुद्रावर जायचं असेल तर

गेटवेहून घारापुरीची लाँच तासाभराची. जायचं असेल तर सकाळी आधी तेच करा आणि चालणं दुपारनंतर ठेवा, कारण लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत आणि उन्हात त्या चढायला नकोशा होतात. अलिबागजवळच्या मांडव्याच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात.

गाडीसकट अलिबागला जायचं असेल तर भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेला म्हणून हे नाव. इथून मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो जाते, गाडी बोटीच्या पोटात, तुम्ही वर. तासाभराचा प्रवास, त्यामुळे रस्त्याने शंभरेक किलोमीटरचा वळसा वाचतो. गाडीचं तिकीट आधी काढा, शनिवारी सकाळची फेरी भरलेली असते. धक्क्यावर मासळीचा बाजार आहे, ट्रक आणि बर्फाच्या गाड्या आडव्या येतात, त्यामुळे बोटीच्या वेळेआधी तासभर पोचा.

ससून डॉक बघायचा तर पहाटे पाच-सहाला. १८७५ ची गोदी, मासळीचा लिलाव, कोळणींचा आवाज, ओली जमीन. गाडी आत नेऊ नका, चपला जुन्या घाला, कोणाच्या तोंडावर कॅमेरा धरू नका. कामाच्या वेळी त्यांना तुमच्याकडे बघायला फुरसत नसते, आणि वाटेत उभे राहिलात तर टोपलीचं पाणी अंगावर येणारच.

कुलाब्याच्या टोकाकडे अफगाण चर्च, १८५८ चं. तिथे गाडीने जाण्यात अर्थ आहे, कारण चालत लांब पडतं आणि चर्चच्या आवारापाशी गाडी उभी राहते. लष्करी भाग आहे, चर्च सोडून कशाचे फोटो नकोत.

संध्याकाळ

फोर्ट सातनंतर रिकामा होऊ लागतो. आठ वाजता सीएसएमटीवर दिवे असतात. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही इमारत बांधायला दहा वर्षं लागली, २००४ पासून जागतिक वारसा. समोरची महापालिकेची इमारतही त्याचीच. स्टेशनसमोर गाडी थांबवून फोटो काढायला बघाल तर मागची बस तुम्हाला हलवेल. बॅलार्ड इस्टेटहून इथे चालत दहा-पंधरा मिनिटं, मग गाडी घेऊन निघा.

मरीन ड्राइव्हला समुद्राच्या बाजूला गाडी उभी करता येत नाही. पलीकडच्या ए रोड, बी रोडपासून जी रोडपर्यंतच्या गल्ल्यांत जागा मिळाली तर मिळते, तिथल्या इमारतींच्या गेटसमोर नको. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला गॉथिक शैलीच्या इमारती आणि दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीच्या, हे दोन्ही मिळून २०१८ मध्ये वारसायादीत गेलं. मरीन ड्राइव्हच्या गोल कोपऱ्यांच्या इमारती त्याच यादीत. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशी लाटा रस्त्यापर्यंत येतात. बघायला मजा, पण खारं पाणी गाडीवर वाळू देऊ नका, घरी जाऊन धुवा. आणि भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी असेल तर परतताना हिंदमाता-सायनचा रस्ता धरू नका. फ्रीवेने किंवा कोस्टल रोडनेच निघा.

गाडी उचलली तर

गाडी लावलेल्या जागी गाडी दिसली नाही तर आधी चोरी समजून घाबरू नका. शेजारच्या पानवाल्याला किंवा वॉचमनला विचारा, कुठल्या चौकीत नेतात ते त्यांना पाठ असतं. लायसन्स, आरसी आणि विमा मोबाइलमध्ये असू द्या. दंड आणि टोइंगचे पैसे भरून ई-चलानची पावती घ्या, गाडी ताब्यात घेण्याआधी चारही बाजूंनी ओरखडे बघा. चौकीतल्या हवालदाराशी मराठीत आणि शांतपणे बोला, काम लवकर होतं.

गाडी आणायचीच नसेल तर

हेही सांगून ठेवतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत धावते, आणि तिची सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही स्टेशनं नेमकी आपल्या वाटेवर आहेत. बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, पे अँड पार्कला गाडी लावा, मेट्रोने अर्ध्या-पाऊण तासात हुतात्मा चौकात वर या. आठवड्याच्या दिवशी यायची वेळ आली तर मी हेच करीन. नवी मुंबईच्या स्टेशनांबाहेर गाडी लावून हार्बर लोकलने सीएसएमटीला येणं स्वस्त पडतं, मात्र रविवारी मेगाब्लॉक असतो का ते आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर वाशीच्या फलाटावर बसून राहाल.